हिंमतरावांचा दहावा

माझ्या लहानपणी आमच्या घरात चार माणसं होती: अण्णा, आई, मी आणि हिंमतराव. पैकी हिंमतरावांना आम्ही कोणीच कधी भेटलो नव्हतो. ते अमेरिकेचे. रुंद काठाची टोपी घालून घोडा दौडवत येणारे, पिस्तूल चालवणारे, मुक्या सिनेमातले नट. अण्णांचा तंबूतला फिरता सिनेमा होता. त्यात बोलके देवादिकांचे दोन सिनेमे होते आणि त्यांचा आवाज हटकून ऐन आरतीलाच जायचा. लोक यायचे ते मात्र तिसऱ्या, सगळ्यात झिजलेल्या चित्रासाठी, हिंमतरावांसाठी. ज्यावर नटांची नावं असतात ती सुरुवातीची पट्टी अण्णांच्या हाती चित्र येण्याआधीच फाटून गेली होती, त्यामुळे त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांनीच त्यांचं नाव हिंमतराव ठेवलं, त्यांच्या वडिलांचं सुभानराव आणि घोड्याचं पाखऱ्या. म्हातारी आई, कर्नाटकात दिलेली एक बहीण, पाटलाशी जमिनीवरून वैर, असा सगळा गोतावळाही दिला. अमेरिकेतल्या माणसाची बहीण कर्नाटकात कशी, असं आमच्या मुलखात कोणी विचारलं नाही. निलंग्याच्या बाजूला तर बायका त्या बहिणीचं गाव विचारायच्या.

चित्र मुकं, म्हणून अण्णा पडद्याशेजारी वेळूची छडी घेऊन उभे राहायचे आणि सगळ्यांचं बोलायचे. खलनायकाचं, पोरीचं, गावकऱ्यांचं ते उरकून टाकायचे. हिंमतरावांचं बोलताना मात्र त्यांच्या छातीतून असा काही आवाज निघायचा की हा माणूस घरात भाजीवाल्याशी दोन पैशांची घासाघीससुद्धा करू शकत नाही हे सांगून कोणाला खरं वाटलं नसतं. एका जागी हिंमतराव रानात शेकोटीजवळ बसून पत्र्याच्या ताटलीतून काहीतरी खातात आणि ओठ हलवतात. तिथे अण्णा म्हणायचे, “माय, तुझ्या हातची येसराची आमटी खाऊन तीन सालं झाली गं. पोटात कायबी ढकलून राहिलोय, पण भूक तुझ्यापाशीच हाय.” अर्धापूरला, हिमायतनगरला, जिथे जिथे तंबू लागला तिथे ह्या वाक्याला पदर डोळ्यांना लागलेले मी पाहिले आहेत. खरं तर ते ताटलीतलं काय होतं देव जाणे. भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आपली येसराची आमटी नव्हती एवढं नक्की.

नांदेडात नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं, वर पत्र्याची एक खोली. दसऱ्याला तंबू निघायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. मग चार महिने त्या वरच्या खोलीत अण्णा आणि त्यांचे मशीनवाले सत्तारभाई रिळं पुसत, तुटलेल्या जागा जोडत बसायचे. जोडायच्या सोल्युशनचा गोडसर, डोक्यात जाणारा वास घरभर असायचा. आई म्हणायची, भाताला पण तोच वास लागलाय. दुपारी पत्र्यावर चिंचेची पानं गळत असायची, आई खाली ज्वारी पाखडत असायची आणि वरून एकदम हिंमतरावांचा आवाज यायचा, कारण अण्णा तालीम करत असायचे. गल्लीतली कुत्री उठून बसायची. नवीन भाडेकरू घाबरून विचारायचे, भांडण चाललंय का हो? आई सुपातलं लक्ष न काढता सांगायची, “न्हाई, आमचे पाव्हणे बोलून राहिले.”

मला हिंमतरावांचा राग यायचा. हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, आता सत्तरी उलटल्यावर सांगायला हरकत नाही. आठ महिने अण्णा त्यांच्याबरोबर फिरायचे आणि उरलेले चार महिने त्यांच्याच आवाजात बोलायचे. माझ्या वाट्याला दोन वाक्यं होती. सकाळी “अभ्यास झाला का?” आणि रात्री “जेवलीस का?” सातवीला मी वर्गात पहिली आले. धावत घरी येऊन निकालाचा कागद अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, त्यांचे ओठ हलले, पण शब्द काही येईना. मग “थांब,” म्हणाले, ताठ उभे राहिले आणि हिंमतरावांच्या आवाजात त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी माझी तारीफ केली. शेजारच्या बायका दारात येऊन हसल्या. मी आत जाऊन रडले. मला अण्णांनी शाबासकी द्यायला हवी होती, त्यांच्या त्या बारक्या, अडखळत्या आवाजात. तसल्या आवाजात त्यांना आनंद सांगताच येत नव्हता हे कळायला मला फार उशीर झाला.

माझे मामा लातूरला शाळेत इंग्रजी शिकवायचे. एका हिवाळ्यात तंबू जवळच लागला होता आणि अण्णा दोन दिवस घरी आले होते, तेव्हा मामा एसटीनं आले ते पिशवीत एक इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन, तेही बरेच जुने. त्यात आतल्या पानावर फोटो होता. रुंद काठाची टोपी, शेजारी घोड्याचं तोंड. मामांनी वाचून अर्थ सांगितला: मुक्या सिनेमाच्या काळातला घोडेस्वारीचा नामांकित नट, म्हातारपणी वारला. अण्णांनी पेपर उजेडात नेला. किती तरी वेळ ते त्या फोटोकडे बघत उभे होते. मग त्या टोपीवर बोट ठेवलं.

“हेच,” ते म्हणाले.

“अहो दाजी, तसल्या टोप्या त्यांच्याकडं समदेच घालतात,” मामा म्हणाले. “नाव तरी कुठं माहीत हाय आपल्याला?”

“नाव कशाला पाहिजे? मी काय त्यांना आज बघून राहिलोय का?”

त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाव्याला बोलावून डोक्याचे केस उतरवले, आणि आईनं कपाळाला हात लावला. घरात सुतक आलं. तंबूचे खेळ बंद. सत्तारभाई येऊन दारातच थांबले. “अण्णा, पिच्चर में तो जिंदा हैं ना वो,” ते हळूच म्हणाले. अण्णांनी मान हलवली. “पिच्चर में मी जिंदा ठेवला हो, सत्तारभाई. तिकडं त्यांचं कोण हाय? पोरगा हाय का न्हाई ठावं न्हाई. त्यांच्या तोंडचं बोलणं इतके दिवस मी खाल्लं. मग पिंड कोणी द्यायचा?”

आता हे ऐकून लोक हसतात. माझी नात सई तर हसून लोळते. पण तेव्हा घरात कोणी हसलं नव्हतं. आम्हाला खरोखरच माणूस गेल्यासारखं झालं होतं. तिन्हीसांजेला वरच्या खोलीत कोणी नसताना आई जिन्याकडे बघायची. एकदा तिनं मला विचारलं, “कुसे, वर कोणी खाकरलं का गं?” मी नाही म्हटलं. मलाही ऐकू आलं होतं.

गुरुजी आधी तयार नव्हते. मृताचं गोत्र विचारलं तर अण्णांना सांगता येईना. शेवटी गुरुजी म्हणाले, “गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणायचं असतं, ते एक सोडा. वडिलांचं नाव?” अण्णांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, “सुभानराव.” मेल्याचा दिवस माहीत नव्हता, म्हणून ऐकल्या दिवसापासून दिवस मोजायचे ठरले. मग आईसमोर प्रश्न आला, नैवेद्याला काय करायचं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं करतात, ह्यांची आवड कोणाला ठाऊक? अण्णा म्हणाले, “विचारतीस काय? येसराची आमटी.” आईनं निमूटपणे मसाला भाजायला घेतला. ज्या आमटीवरून अण्णांनी लोकांना इतकी वर्षं रडवलं ती त्या दिवशी पहिल्यांदाच हिंमतरावांच्या नावानं खरोखर रटरटत होती, आणि आई पदराआड तोंड करून रडत होती.

दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीच्या घाटावर गेलो. हिवाळ्यातली कोवळी सकाळ होती, नदीवर धुकं होतं. त्या दिवशी घाटावर आणखी दोन घरांचे दहावे होते. त्यांचे पिंड ठेवायचा अवकाश, कावळ्यांनी झडप घातली. आमचा पिंड अण्णांनी दर्भावर मांडला, आमटी-भाकरीचं पान ठेवलं, हात जोडून मागे सरले आणि कावळे उठून समोरच्या पिंपळावर जाऊन बसले. एकही खाली येईना. शेजारचे लोक आपापलं आटपून गेले. ऊन चढलं. धुकं गेलं, पायऱ्या तापल्या. पिंडावर माशा बसायला लागल्या.

गुरुजी म्हणाले, “इच्छा राहिली असंल काही. बोला.” मग सुरू झालं. अण्णा पुढे झाले, “हिंमतराव, तुमच्या आईला मी कमी पडू देणार न्हाई.” कावळे हलले नाहीत. “पाखऱ्याला सांभाळतो.” नाही. “बहिणीला दिवाळीला आणतो.” अण्णांनी स्वतःच रचलेला एकेक माणूस पुढे केला आणि एकेकाची जबाबदारी घेतली. मामांनी, नको नको म्हणत, एक वचन दिलं. घाटाच्या वरच्या पायरीवर सत्तारभाई उभे होते, तेसुद्धा म्हणाले, “साब, मशीन कू रोज तेल देतों मैं. फिकर नक्को करो.” काहीच होईना. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववू असं सुचवलं. असं पुष्कळदा करतात. पण अण्णांनी त्यांचा हात धरला. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. “गवताचा कावळा नको,” ते म्हणाले. “त्यांना कायतरी पाहिजे हाय. मला कळना झालंय. इतके दिवस त्यांच्या तोंडून बोललो, अन् त्यांना काय पाहिजे ते मला कळना.” आणि तुळतुळीत डोक्याचे माझे अण्णा त्या तापल्या पायरीवर हुंदके देऊन रडायला लागले.

मला भूक लागली होती, पाय भाजत होते, आणि त्या न पाहिलेल्या माणसाचा मला भयंकर संताप आला होता. मी तेरा वर्षांची होते. मी पुढे गेले आणि मोठ्यानं म्हणाले, “हिंमतराव, अण्णा आता तुमच्या आवाजात बोलणार न्हाईत. कधीच न्हाई. तुमचा आवाज तुम्ही घेऊन जा.”

पिंपळावरून एक कावळा सुटला. सरळ खाली आला, पिंडाला चोच लावली आणि आमटीत बुडालेला भाकरीचा तुकडा घेऊन गेला. मागोमाग बाकीचे आले.

गुरुजी “मोकळा झाला” म्हणाले. आईनं माझा हात घट्ट धरला आणि घरी जाताना वाटेत कानाशी लागून म्हणाली, “लई चांगलं केलंस बाई. आता तरी ह्ये घरी राहतील.” म्हणजे तिच्याही मनात तेच होतं. अण्णा सगळ्यांच्या पुढे चालत होते. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि मला वाटलं होतं की आता ते मला जवळ घेतील.

निलंग्याचा तंबू आधीच ठरलेला होता, तो मोडता आला नाही. आम्ही दोघी मामांकडे लातूरला गेलो होतो. तिथून मामा आम्हाला निलंग्याला घेऊन गेले. दिवेलागणीचा पहिला खेळ होता. ऊसतोडीचे लोक, बाजाराला आलेले लोक, तंबू गच्च भरलेला. दिवे मालवले, मशीन सुरू झालं आणि पडद्यावर हिंमतराव घोडा उडवत आले, जसेच्या तसे. अण्णा शेजारी छडी घेऊन उभे होते. हिंमतरावांचे ओठ हलले. अण्णांचं तोंड मिटलेलं राहिलं.

आधी लोकांना वाटलं, घसा बसला असेल. मग शिट्ट्या सुरू झाल्या. “अण्णा, बोला की हो!” मशीनच्या बाजूनं सत्तारभाईंचा काकुळतीचा आवाज आला, “अण्णा, बोलो ना. पब्लिक राह देख रई.” अण्णांनी छडीनं पडद्यावर जागा दाखवली, इतकंच. शेकोटीचं दृश्य आलं. हिंमतराव ताटली घेऊन बसले, ओठ हलवायला लागले, आणि बायकांच्या बाजूनं एका म्हातारीनं सुरुवात केली, “माय, तुझ्या हातची…” तिच्या शेजारणीनं पुढचं उचललं. मग सगळा तंबू बोलायला लागला. लोकांना शब्दन् शब्द पाठ होता. मुलं, गडी, म्हाताऱ्या, शेकडो तोंडांनी हिंमतराव आपल्या आईला भूक सांगत होते. तो आवाज कोणाचाच नव्हता आणि सगळीकडून येत होता. आईनं माझ्या खांद्यात बोटं रुतवली. अण्णा थोडा वेळ ऐकत उभे राहिले. मग त्यांनी छडी पडद्याला टेकवून ठेवली आणि कनात वर करून ते बाहेर निघून गेले.

पुढे तंबू विकला. सत्तारभाई शहरातल्या एका थेटरात लागले. अण्णा कापसाच्या वखारीत नोकरीला जायला लागले आणि संध्याकाळी सहाला घरी यायला लागले, रोज, बाराही महिने. माझ्या मनासारखं झालं होतं. फक्त ते बोलेनासे झाले. पूर्वी दोन वाक्यं होती, त्यातलं एक गेलं. लग्नाच्या आधी एकदा धीर करून मी म्हणाले, “अण्णा, घाटावर मी उगाच बोलले हो. मला राग आला होता म्हणून. तुम्ही ते मनावर घेऊ नका.” ते माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं. “कावळा शिवला की,” ते म्हणाले. तसेच ते आणखी बावीस वर्षं जगले. ते गेल्यावर त्यांच्या दहाव्याला मी मनाशी एकच वाक्य धरून घाटावर उभी होते. कावळा शिवला नाही तर म्हणायचं होतं, अण्णा, बोला हो, मी माझा शब्द मागे घेते. पण पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला. लोक म्हणाले, तृप्त माणूस. माझं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

परवा सईनं जुन्या ट्रंकेतला रिळाचा वीतभर तुकडा उजेडात धरून फोनमध्ये त्याचा फोटो काढला आणि जुन्या सिनेमांचा नाद असलेल्या परदेशातल्या कोणाकोणाला पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं. नाव आलं, गाव आलं, सगळी हकिगत आली. ते नाव मी इथे लिहीत नाही, वाचून मला कोणीच आठवत नाही. लोहाराचा मुलगा. लहानपणी बेफाम घोडे वठणीवर आणायचं काम करायचा, मग सर्कशीत होता. सिनेमात आला तो दुसऱ्या नटांच्या जागी घोड्यावरून पडण्यासाठी. पडता पडता नायक झाला. ढीगभर सिनेमे, मोटारी, बंगला. आणि मग बोलका सिनेमा आला. त्याचा आवाज बारीक होता आणि बोलताना अडखळायचा. पहिल्या बोलपटात त्यानं तोंड उघडलं आणि थेटर हसलं. त्यानंतर त्याला कोणी काम दिलं नाही. घोडा विकून तो आपल्या गावी गेला आणि तिथे जनावरांच्या चाऱ्याचं दुकान चालवून गुपचूप म्हातारा झाला. पेपरातला फोटो त्याचा नव्हताच. आम्ही घाटावर त्याचा पिंड मांडून बसलो होतो तेव्हा तो जिवंत होता, पुढेही पुष्कळ वर्षं होता.

सई हे सगळं भराभर वाचून दाखवत होती, मध्ये मध्ये हसत होती. जगात कुठेच नसलेला त्याचा आवाज आमच्याकडे अर्धापुरात होता, हिमायतनगरात होता, निलंग्याच्या बाजारात होता. एक अडखळणारा माणूस त्याच्यासाठी तो छातीतून काढून द्यायचा आणि त्याच्या आडोशानं स्वतःही बोलून घ्यायचा. दोघांना मिळून एक आवाज होता, आणि तो घेऊन जा असं मी सांगितलं. कोणाला सांगितलं? घेऊन जाणारं तिथे कोणी नव्हतंच. एक भुकेला कावळा होता.

“आजी, हे बघ, चालता तुकडा पण पाठवलाय,” सई म्हणाली आणि फोन माझ्यासमोर धरला. दीड मिनिटाचा असेल. हिंमतराव एका दारापाशी येतात, टोपी काढून छातीशी धरतात, आणि आत कोणाला तरी काहीतरी सांगतात. ओठ हलत होते. फोन मुका.

“काय म्हणतोय गं तो?” सईनं विचारलं.

मला सगळं पाठ होतं, कुठे थांबायचं तेसुद्धा. मी तोंड उघडलं. समोर ते माझ्याकडेच बघत असल्यासारखे उभे होते.

“ठाऊक नाही बाई,” मी म्हणाले.